राठोड भाऊंच्या हातातला फ्लॅश

दिग्रसच्या बसस्टँडसमोरच्या चौकात राठोड भाऊंच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला, त्या सकाळी मी भाजी आणायला निघाले होते. फ्लेक्सवर 'सुप्रसिद्ध फोटोग्राफर' असं ठळक अक्षरात, खाली शोकाकुल मंडळींची नावं, आणि मधोमध भाऊ: उजवा हात उंच, हातात फ्लॅशगन, तोंड अर्धवट उघडं. मी पिशवी खाली ठेवली आणि हसले. शेजारच्या पानवाल्यानं माझ्याकडे वाईट नजरेनं पाहिलं. श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससमोर हसू नये हे मलाही कळतं. पण ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एकाही लग्नात फ्लॅश मारून फोटो काढला नाही, त्याला गावानं कायमचा फ्लॅश हातात देऊन चौकात उभा केला होता.

तो फोटो कसा निघाला, ते सांगते.

मी इथलं एक मंगल कार्यालय सांभाळते. माझं काम याद्यांवर चालतं. आचारी, भटजी, मंडपवाला, पाण्याचे कॅन, नवरदेवाच्या खोलीची किल्ली. सगळं कागदावर, आणि झालं की खूण. फोटोग्राफर या यादीत नेहमी खाली असायचा, कारण फोटोग्राफर हा त्रास न देणारा प्राणी आहे अशी माझी समजूत होती. प्रेमसिंग राठोड पहिल्यांदा माझ्या कार्यालयात आले आणि ते नाव मी यादीत सगळ्यांत वर नेलं.

ते जवळच्या बंजारा तांड्यातले. बाजारओळीत त्यांचा छोटा स्टुडिओ होता. बुटके, केसांना भरपूर खोबरेल, बाही कोपरापर्यंत दुमडलेली, आणि चेहऱ्यावर आपल्याला या गावात कोणी ओळखलं नाही असा कायमचा भाव. आल्याबरोबर त्यांनी माझे पडदे सरकवले, खिडक्या उघडल्या आणि सरळ स्विचबोर्डकडे जाऊन ट्यूबलाईट बंद केल्या.

"भाऊ, हे काय करता?"

"ट्यूबमधे नवरी हिरवी येते ताई. काकडीवाणी. बल्ब आहेत का पिवळे?"

"आहेत. पण अंधार होईल."

"होऊ द्या. अंधार नाही तो. कमी उजेड आहे. दोन्हीत फरक आहे." हे वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकलं, की वीज गेली की माझ्याच तोंडून निघायला लागलं.

त्यांच्या क्यामेऱ्यात साधा रोल नसायचा. सगळे फोटोग्राफर शंभर-दोनशे स्पीडचा रोल घालत, भाऊ आठशेचा घालत, कधी नागपूरहून मागवलेला सोळाशेचा. हा रोल थोड्या उजेडातही चित्र पकडतो, फ्लॅश लागत नाही. त्याची किंमत अशी, की फोटोवर बारीक दाणे दिसतात. त्यावरून गिऱ्हाइकांशी त्यांचं ठरलेलं भांडण व्हायचं.

"राठोड, फोटोवर रवा काहून सांडला?"

"तुमच्या तोंडाले कातडी आहे ना? मंग फोटोले राहीन का नाही?"

असं बोलून गिऱ्हाईक टिकत नाही. पण भाऊंचा अंदाज होता, की गिऱ्हाईक कधीतरी शहाणं होईल आणि त्या दिवशी आपलं नाव निघेल. नाव निघावं ही त्यांची एवढीच हाव होती. पैसे बुडवलेल्या माणसाशी ते हसून बोलत. पण 'फोटो कोणी काढले हो?' असं विचारणाऱ्याशी ते सरळ बोलू शकत नसत. का, ते सांगते.

ते पहिलं लग्न होतं गावंडेकाकांच्या माधुरीचं. गावंडेकाकांची कापसाची अडत, आवाज मोठा, ओळखी भरपूर. लग्न लागलं, आहेर सुरू झाले. आमच्याकडे आहेर देणारा माणूस पाकीट देतो, नवरानवरीच्या मधे उभा राहतो, सदऱ्याची घडी सारखी करतो आणि फ्लॅश पडेपर्यंत हलत नाही. फ्लॅश ही पावती असते. ती मिळाल्याशिवाय स्टेजवरून कोण उतरेल?

फ्लॅश पडलाच नाही. पाहुणे उभे. भाऊ खांबाला टेकून, एक डोळा मिटून, श्वास धरून उभे. खट्ट झालं. पाहुणे तसेच.

"मारा ना जी!" एक मामा म्हणाले.

"मारला."

"कुठी मारला? काही चमकलं नाही."

"चमकत नसते. झाला तुमचा फोटो. उतरा."

"असा कसा उतरू? पाकीट देल्लं मी!"

मागची रांग जिन्यापर्यंत गेली. खाली आचारी पुऱ्या तळायच्या की थांबायचं म्हणून निरोप पाठवायला लागला. गावंडेकाका स्टेजवर चढले. "राठोड, तुमच्याजवळ फ्लॅश नसन तर तसं सांगा. मी दुसरा माणूस बोलावतो. पोरीचं लग्न आहे, मजाक नाही."

भाऊंचा चेहरा लाल झाला. ते काही तरी कायमचं तुटेल असं बोलणार, एवढ्यात त्यांची बायको पुढे आली.

सुमनवहिनी तोवर कोपऱ्यात पिशव्या राखत बसल्या होत्या. उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पिशवीतून एक बंद पडलेला क्यामेरा काढला, त्यावर जुनी फ्लॅशगन चढवली, स्टेजच्या बरोबर समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मामाजी, इकडं पाहा." झपकन उजेड पडला. मामाजी समाधानानं खाली उतरले. रांग हलली. मी आचाऱ्याला पुऱ्यांचा निरोप दिला.

त्या क्यामेऱ्यात रोल नव्हता. त्याचं झाकणही नीट लागत नव्हतं.

भाऊ आधी धुमसले. मग त्यांच्या लक्षात काही आलं. फ्लॅशची वाट बघताना माणूस ताठ असतो, पोट आत, हसू तयार. फ्लॅश पडला की सुटतो. खांदे खाली येतात, नवरी नवऱ्याकडे बघते, मावशी जावेकडे बघते, मामा पाकिटाचा हिशोब चेहऱ्यावर मांडतात. भाऊ खांबाला टेकून नेमका तोच क्षण घ्यायला लागले. "चमकल्यावर माणूस घरी येते ताई," ते मला म्हणाले. "त्याच्या अगोदर तो बाहेरगावी असते."

त्या दिवसापासून नवरा-बायकोची जोडी ठरली. वहिनी समोर, हातात रिकामा क्यामेरा आणि फ्लॅश. भाऊ बाजूला, स्टेजकडे तोंड केलं की उजव्या हाताच्या खांबाला टेकून. त्या खांबावर त्यांच्या डोक्याच्या खोबरेलाचा डाग पडला. मी दर दिवाळीला ऑइलपेंट मारायची, तो डाग गुढीपाडव्याच्या आत परत यायचा. आणि आमच्या गावात त्या वर्षांत ज्यांची लग्नं झाली, ती सगळी माणसं आपापल्या अल्बममध्ये किंचित डावीकडे बघताना दिसतात. बाहेरगावच्या सुनांना वाटतं, इथं तशी पद्धतच असेल.

फोटो मात्र असे निघाले, की लोक अल्बम मांडीवर घेऊन तासभर बसत. माधुरीच्या अल्बममध्ये गावंडेकाका होते: स्टेजच्या कडेला, हातात फेटा, लेकीकडे बघत असलेले आणि ओठ आत ओढून धरलेले. हा माणूस गप्प बसू शकतो हे गावाला त्या फोटोनं कळलं. काकांनी आधी तो फोटो अल्बममधून काढायला सांगितला. मग स्वतःच परत लावला.

आणि सगळं गाव म्हणायला लागलं, "बाई काय फोटो काढते!"

हे भाऊंनी अपेक्षिलेलं नव्हतं. पण लोकांचं काय चुकलं? ज्याच्याजवळ चमकतं तो फोटोग्राफर. बाजूला खांबाला टेकून एक डोळा मिटणारा माणूस तिचा मदतनीस असेल, नाहीतर दमेकरी असेल. सुमनवहिनींचं नाव 'फोटोवाली बाई' पडलं. स्टुडिओवर लोक यायचे, भाऊंना ओलांडून आत बघायचे. "बाई नाहीत का?"

"मी आहे ना."

"नाही, लग्नाची तारीख बोलायची होती. बाई आल्या की सांगजा."

भाऊ घरी जाऊन वहिनींवर चिडायचे. ही भांडणं मला माहीत आहेत कारण त्यातली निम्मी माझ्या कार्यालयाच्या पायऱ्यांवर झाली.

"तू सांगत काहून नाही लोकायले, का फोटो मी काढतो म्हणून?"

"सांगते."

"कवा सांगशीन?"

"सांगते ना."

आणि पुढच्या लग्नात कोणी म्हटलं, "बाई, मागच्या लग्नातले फोटो लय भारी आल्ते," की वहिनी पदर सारखा करून म्हणायच्या, "आल्ते ना?" त्यात खोटं काहीच नव्हतं. आलेच होते.

एकदा वहिनींच्या भाचीचं लग्न तांड्यात होतं. मीही गेलते. नवरी सासरी निघताना घरात ढावलो चालला होता. नवरी एकेकीच्या गळ्यात पडून गाण्यातच रडते, म्हाताऱ्या तिला गाण्यातच उत्तर देतात. घरात दारातून येईल तेवढाच उजेड. मुलाकडच्यांनी यवतमाळहून एक फोटोग्राफर आणला होता. त्यानं फ्लॅश मारला, तो बायकांच्या चोळीसारख्या कांचळीवरच्या आरशांवर आपटून परत आला, आणि म्हाताऱ्यांचं गाणं मधेच अडखळलं. वहिनी उठल्या. त्यांनी त्या माणसाला दाराबाहेर नेऊन चहा पाजला. स्वतःचा फ्लॅश त्यांनी त्या दिवशी पिशवीतून काढलाच नाही. भाऊ चुलीजवळच्या भिंतीला टेकून बसले आणि सोळाशेचा अख्खा रोल त्यांनी त्या एका खोलीत संपवला. त्या फोटोंत कोणी डावीकडे बघत नाही. कोणी कुठंच बघत नाही.

फोटो आले तेव्हा तांड्यातल्या म्हाताऱ्यांनी ते हातोहात फिरवले. एक म्हणाली, "आमच्या सुमननं काढले. हात पाहा पोरीचा."

"ती तर चहा पाजत होती बाहेर!" भाऊ ओरडले.

"हो ना," म्हातारी म्हणाली, "चहाही पाजला आन् फोटोही काढले."

यावर कळस चढला तो गणेशोत्सवात. एका मंडळानं गावातल्या कर्तबगार माणसांचा सत्कार ठरवला. 'आपल्या गावातील पहिल्या महिला फोटोग्राफर' म्हणून सुमनवहिनींना शाल-श्रीफळ. कार्यक्रम माझ्याच कार्यालयात, त्यामुळे खुर्च्या, हार आणि पाण्याच्या बाटल्या माझ्या यादीवर होत्या. वहिनींनी आयोजकांना सांगायचा प्रयत्न केला. खरंच केला, मी ऐकलं. त्या म्हणाल्या, "फोटो आमचे मिस्टर काढतात जी." आयोजकानं हात जोडले. "पाहा, केवढा नम्रपणा!"

शाल अंगावर पडायच्या वेळी सगळ्यांच्या लक्षात आलं, की सत्काराचा फोटो काढायला कोणी नाही, कारण फोटोवाली बाई स्टेजवर आहे. पाहुणे म्हणाले, "यांचे मिस्टर आहेत ना? त्यांना येत असेल थोडंफार."

भाऊ खांबापाशी होतेच. त्यांनी क्यामेरा उचलला. फ्लॅश नाही म्हणून पाहुणे शाल धरून बराच वेळ तसेच उभे राहिले. वहिनींनी शेवटी खांबाकडे बघितलं आणि त्यांना हसू आलं. ते आवरेना, त्यांनी नारळ तोंडासमोर धरला. त्याच वेळी खट्ट झालं.

तो फोटो हलला. पाहुण्यांना चार-चार कान आले आणि नारळाचं धुकं झालं. मी भाऊंचा असा फोटो आधी पाहिला नव्हता.

"राग आल्ता," ते म्हणाले. "रागानं हात हालते."

मला ते पटलं. रागाला कारण होतंच.

पुढे काळ बदलला, तसा तो सगळ्यांसाठीच बदलतो. डिजिटल क्यामेरे आले, मग मोबाईल. बाजारओळीतला स्टुडिओ आधी झेरॉक्सचा झाला, मग रिचार्जचा. आता कोणतंही पोट्टं अंधाऱ्या खोलीत मोबाईल धरतं आणि फ्लॅशशिवाय फोटो काढतं. भाऊ माझ्या कार्यालयाच्या पायरीवर बसून हे बघायचे. "मी म्हणत होतो तवा हासत होते. आता सारं जग बिनफ्लॅशचं झालं. पण कोणी म्हणते का, का हे राठोडनं सांगतलं होतं?"

"नाही म्हणत," मी म्हटलं.

"तुम्ही तरी म्हणा."

"मी म्हणते भाऊ. पण माझं कोण ऐकतं? मी पाण्याचे कॅन मोजते."

त्यांच्या फ्रिजमध्ये आठशेचा शेवटचा रोल राहिला होता. अंड्यांच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या डबीत. त्याची मुदत केव्हाच संपलेली. वहिनी दर दिवाळीला फ्रिज पुसताना तो उचलायच्या, भाऊ ओरडायचे, तो परत जागेवर जायचा. तो कशासाठी राखलाय असं विचारलं की भाऊ म्हणायचे, "कोणी मागतला पाह्यजे. मागतल्याशिवाय नाही वापरणार." म्हणजे कोणीतरी यावं आणि म्हणावं, भाऊ, तुम्ही काढा, तुमच्यासारखे. एवढ्यासाठी तो रोल थंडीत बसला होता.

आणि एक दिवस मागणी आली. माधुरीच्या लेकीचं, ऋतुजाचं लग्न ठरलं. पोरगी पुण्याला नोकरीला, पण लग्न आजोबांच्या गावी हवं. हॉलची तारीख घ्यायला ती स्वतः आली आणि मला म्हणाली, "मावशी, आईचा अल्बम ज्यांनी काढला, आहेत का अजून? मला तसेच फोटो हवेत. त्यात सगळे खरे दिसतात." मी तिला सरळ पायरीवर नेलं. भाऊ तिथंच बसले होते. ऋतुजानं वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "आजोबा, त्या फोटोवाल्या बाई कुठं राहतात?"

मी तिला तिथल्या तिथं नीट सांगितलं. भाऊंनी ऐकून घेतलं, दोनदा सांगायला लावलं आणि 'पाहू' म्हणाले. 'पाहू' म्हणताना त्यांनी हात मांडीखाली घातले होते. ते माझ्या लक्षात आलं, पण अर्थ लागला नाही.

अर्थ लागला लग्नाच्या दिवशी. भाऊ-वहिनी सकाळीच आले. भाऊंच्या केसांना खोबरेल, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. पडदे सरकवले, ट्यूब बंद केल्या. आता तिथं एलईडी आहेत, पण त्यांनी त्यांनाही ट्यूब म्हणून शिव्या दिल्या. मग मागच्या खोलीत रोल भरायला बसले. मी किल्ली शोधायला त्या खोलीत गेले तेव्हा ते रोलची पट्टी खाचेत घालत होते. पट्टी खाचेपाशी जायची आणि बाजूला सरकायची. पुन्हा जायची, पुन्हा सरकायची. राग वगैरे काही नव्हता. हात हलत होते.

वहिनी त्यांच्याजवळ बसल्या. त्यांनी रोल आणि क्यामेरा भाऊंच्या हातातून घेतला, पट्टी बसवली, झाकण लावलं.

"उजेड कमी आहे आज," भाऊ म्हणाले. "फ्लॅश नसला का क्यामेरा लय वेळ उघडा राह्यते. हात दगडावाणी पाह्यजे. येईन तुले?"

"छेनी," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या बोलीत ते 'नाही'. "पण तुमालेही नाही येत आता."

भाऊंनी पिशवीतून तो बंद पडलेला क्यामेरा काढला, फ्लॅशगन चढवली आणि बॅटरी भरल्याचा बारीक आवाज कानाशी धरून ऐकला. "श्वास धरजो," ते म्हणाले. "कोपर खांबाले टेकव. चमकल्यावर लगेच नाही. जरा थांबायचं. घरी येऊ द्यायचं माणसाले."

"माहीत आहे मले."

"हो. तुले तर सारंच माहीत आहे."

लग्न लागलं. आहेर सुरू झाले. आता हातात मोबाईल असलेले शंभर लोक होते, पण समोर उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्यानं हात वर करून "हां, इकडं पाहा" म्हटलं की अजूनही सगळे पोट आत घेतात हे मी तेव्हा बघितलं. झपकन उजेड पडला. मामा, मावश्या समाधानानं उतरायला लागल्या. भाऊ रंगात आले. "नवरदेव, मान वर! काकू, पदर! इकडं, इकडं, माह्याकडं!" सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. खांबापाशी, त्या तेलाच्या डागाला कोपर टेकवून, वहिनी एक डोळा मिटून उभ्या होत्या. त्यांच्याकडे कोणीच बघत नव्हतं.

पहिल्या रांगेत, खांबाच्या बाजूला, गावंडेकाका सोफ्यावर बसले होते. आता थकलेले, हातात काठी. पण आवाज तोच. बराच वेळ ते भाऊंकडे बघत होते. मग काठी आपटून सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले:

"वा राठोड! शेवटी घेतला म्हणा फ्लॅश! आता कुठी फोटोग्राफर झाले तुम्ही!"

लोक हसले. कोणी टाळ्याही वाजवल्या. भाऊ काकांकडे वळले. हात अजून वरच होता, हातात फ्लॅश. त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतील. इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडले ते सांगायची वेळ आली होती, फक्त उलटी: फोटो मी नाही, ती काढते. त्यांची नजर काकांवरून मागे खांबाकडे गेली.

वहिनींनी क्यामेरा स्टेजवरून वळवून त्यांच्यावर धरला होता. ऋतुजाच्या लग्नाच्या रोलमधला एक फोटो त्या बिनदिक्कत खर्च करत होत्या. भाऊंचे खांदे खाली आले. चेहऱ्यावरचा तो कायमचा भाव, आपल्याला कोणी ओळखत नाही हा, एवढा वेळ धरून ठेवलेल्या पोटासारखा सुटला.

खट्ट झालं. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

"सांगतो," भाऊ वहिनींना म्हणाले, त्या इतकी वर्षं म्हणत आल्या तसंच.

मग त्यांनी स्टेजकडे वळून बटण पुन्हा दाबलं, आणि सगळा हॉल चमकून निघाला.